कियांतीचे पांढरे रस्ते दुर्लक्षित नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या टस्कनी प्रांतातील कियांती या द्राक्षप्रदेशातील ग्रॅव्हल सायकलिंगवरचा, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरील सायकलिंगवरचा, लेख वाचला. या विषयाला आपण अर्धे पान दिलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र लेखातील दोन विधाने वाचकांची चुकीची समजूत करून देतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. टस्कनीतील खडीचे रस्ते सरकारी दुर्लक्षामुळे डांबराविना राहिले आहेत, असे त्यात म्हटले आहे. आणि सायकलिंगचा हा प्रकार म्हणजे अमेरिकेतून अलीकडे आलेली फॅशन आहे, असेही लिहिले आहे. मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार असून गेली अकरा वर्षे नियमित सायकल चालवते. मागच्या वर्षी सप्टेंबरअखेरीस, आमची ऑक्टोबर छाटणी सुरू होण्यापूर्वी, दोन मैत्रिणींबरोबर मी याच रस्त्यांवर चार दिवस सायकल चालवून आले, त्यामुळे ही दोन्ही विधाने मला खटकली.

फॅशनचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर मिटतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील सर्वांत प्रसिद्ध ग्रॅव्हल शर्यत २००६ साली सुरू झाली. सिएनाजवळच्या गायोले इन कियांती या गावात जानकार्लो ब्रोच्ची यांनी ‘लेरोइका’ ही खडीच्या रस्त्यांवरची सायकलफेरी सुरू केली ती १९९७ साली, आणि पहिल्या वर्षी तिथे ९२ सायकलस्वार आले होते. आजही या सोहळ्यात साधारणपणे १९८७ पूर्वीच्या बनावटीचीच सायकल चालते. तिची फ्रेम सहसा पोलादी असावी लागते, गिअरचे दांडे खालच्या नळीवर असावे लागतात, पेडलला पाय अडकवण्याचे पट्टे असावे लागतात आणि ब्रेकच्या वायरी हँडलवरून उघड्या आलेल्या असाव्या लागतात. जुन्या सायकलींची हौस हा त्यातला एक भाग झाला. मूळ हेतू मात्र रस्ते वाचवण्याचा होता, आणि लेखात नेमका तोच सुटला आहे.

हे रस्ते वाचवण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी तिथल्या शेतीकडे पाहावे लागते. टस्कनीच्या डोंगरांत शतकानुशतके ‘मेझाद्रिया’ म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी पद्धत होती. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, आणि पीक निम्मेनिम्मे. प्रत्येक टेकडीवर एक दगडी घर आणि त्या घरापर्यंत जाणारा, तिथलाच चुनखडीचा दगड फोडून केलेला पांढरा बैलगाडीचा रस्ता, अशी ती रचना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची कुटुंबे कारखान्यांच्या ओढीने शहरांकडे गेली, १९६४च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई झाली आणि घरे ओस पडली. रस्त्यांना वापरणारे कोणी उरले नाही, म्हणून त्या काळात डांबर पडले नाही, इथपर्यंत लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु पुढे वाइनला भाव आला, ओस घरांना गिऱ्हाइके मिळाली, गाड्या वाढल्या आणि डांबर टाकणे सोपे झाले. कियांतीच्या द्राक्षप्रदेशाची हद्द टस्कनीचा तेव्हाचा शासक तिसरा कोसिमो दे मेदिची याने २४ सप्टेंबर १७१६च्या फर्मानाने आखून दिली होती; म्हणजे तिथल्या वाइनच्या नावाला तीनशे वर्षांपासून संरक्षण आहे, पण त्या बागांपर्यंत नेणाऱ्या रस्त्यांना तसे कोणतेच नव्हते. ब्रोच्ची यांनी सायकलस्वार गोळा केले ते यासाठी. आज लेरोइकाचा २०९ किलोमीटरचा मार्ग वर्षभर पाट्यांसह खुला आहे आणि त्यावर कोणीही, कोणत्याही सायकलने, फी न भरता जाऊ शकतो.

आता ‘दुर्लक्ष’ या शब्दाविषयी. रस्त्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे आम्हां शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. मुरूम वाहून जातो, डबर उघडे पडते, चाकोरीत पाणी साचते आणि द्राक्षाचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर मुख्य रस्त्याला येईपर्यंत खालचे मणी फुटलेले असतात. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या पांढऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या सायप्रस वृक्षांच्या रांगांमधून जाताना, मी मुद्दाम उतरून रस्ता पाहिला. मधोमध किंचित उंच, कडांना उतरता असा नीट कॅम्बर, वरचा थर बारीक चुनखडीचा आणि दाबून बसवलेला, कडेला पाणी काढून देणारा चर मोकळा, आणि थोड्या थोड्या अंतरावर पाणी आडवे काढण्यासाठी केलेली वाट. आदल्याच आठवड्यात रस्ता सपाट करणारे ग्रेडर यंत्र फिरल्याच्या खुणा होत्या. असा रस्ता दुर्लक्षाने राहत नाही. तो पावसाळ्यानंतर पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि डांबर एकदा टाकून निश्चिंत होण्यापेक्षा हे काम चिकाटीचे आहे. काही उतारांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडल्या होत्या आणि हातांना मुंग्या येत होत्या, हेही खरे. परंतु चार दिवसांत मला खचलेला असा रस्ता एकच दिसला.

बागायतदार म्हणून आणखी एक गोष्ट पाहिली. आमच्याकडे रस्त्यालगतच्या ओळींवर धुळीचा थर बसतो आणि लाल कोळी ही कीड तिथूनच सुरू होते, म्हणून डांबराची मागणी आम्हीच सर्वांत आधी करतो. तिथे रस्त्यालगतची पाने मी हाताने चाचपून पाहिली. धूळ होती, पण पातळ, कारण गाड्या मोजक्या होत्या आणि सावकाश जात होत्या. शिवाय कियांती क्लासिको या कियांतीच्या मूळ वाइनप्रदेशाच्या सुमारे ७०,००० हेक्टर प्रदेशात द्राक्षबागा साधारण १०,००० हेक्टरच आहेत. बाकी मुख्यतः ओक आणि चेस्टनटचे जंगल आणि ऑलिव्हची झाडे. चढ संपला की सावली मिळते, आणि सावली संपली की सांजोवेझे या द्राक्षजातीच्या काळ्याभोर घडांनी लगडलेल्या ओळी येतात. तोडणी चालू होती. त्यातला एकही घड तोडू नये, हे तिथे जाणाऱ्या आपल्या मंडळींना मी आवर्जून सांगेन. ते कोणाचे तरी वर्षभराचे पीक आहे.

लेखात रस्त्यांच्या कठीणपणाविषयी फारच थोडे आहे, आणि तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. २०९ किलोमीटरच्या पूर्ण मार्गात चढाईची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते. कियांती सोडून दक्षिणेला आशानोजवळच्या क्रेते सेनेसी भागात गेले की जंगल संपते आणि उघड्या, राखाडी चिकणमातीच्या टेकड्या सुरू होतात. तिथला मोन्ते सान्ते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा टप्पा फाबियान कान्चेलारा या स्विस सायकलपटूच्या नावाने ओळखला जातो, कारण २००७ साली लेरोइकातूनच जन्मलेली ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत त्याने तीन वेळा जिंकली. २०१५पासून महिलांचीही शर्यत होते आणि तीही सिएनाच्या पियाझा देल काम्पो चौकातच संपते. तिथे पोहोचण्याआधीचा दगडी गल्लीतला चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो. आम्ही तो सायकलवर बसूनच चढलो, आणि वर पोहोचल्यावर बराच वेळ तिघींपैकी कोणीच बोलले नाही.

पाऊस आला तर हाच भाग वेगळा होतो. २०१० सालच्या जिरो दितालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मोंताल्चिनो गावी संपणारा टप्पा भर पावसात अशाच पांढऱ्या रस्त्यांवरून गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल इव्हान्सने तो जिंकला, तेव्हा त्याच्या अंगावरील विश्वविजेत्याच्या जर्सीचे पट्टे चिखलाखाली दिसेनासे झाले होते. आमच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तासभर सर आली. काळ्या रानात पावसानंतर पायाला जशी ढेकळे चिकटतात, तशी चिकणमाती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरली. दर शंभर पावलांवर काटकीने ती उकरून काढावी लागत होती.

टायरचा अनुभवही सांगते. जिथून आम्ही सायकली भाड्याने घेतल्या, तिथे २८ मिलिमीटरचे टायर पुरतील असे आम्हांला खात्रीने सांगितले गेले. पहिल्याच दिवशी ब्रोलिओच्या पुढच्या उतारावर वळणातल्या सुट्या खडीत माझ्या मैत्रिणीचे मागचे चाक सरकले आणि तिचे कोपर सोलवटले. दुसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने ४० मिलिमीटरचे टायर असलेल्या सायकली घेतल्या आणि हवा बेताची ठेवली. त्यानंतर एकदाही चाक सरकले नाही. संध्याकाळी राद्दा गावातल्या एका छोट्या खाणावळीत आम्हांला रिबोलिता मिळाली. घेवडा, काळसर पालेभाजी आणि शिळा पाव एकत्र शिजवलेले ते घट्ट कालवण खाताना मला आजीच्या हातच्या शिळ्या भाकरीच्या काल्याची आठवण झाली. लेरोइकाच्या थांब्यांवर सायकलस्वारांना हेच वाढतात.

तरी ‘दुर्लक्षित रस्ते’ या उल्लेखाची दुरुस्ती आपण येत्या पुरवणीत छापावी, अशी विनंती आहे. त्याबरोबर, पूर्ण मार्ग एका दिवसात झेपणार नाही अशांसाठी लेरोइकात ४६ किलोमीटरपासूनचे लहान मार्गही आहेत, आणि सायकल भाड्याने घेताना टायरची रुंदी स्वतः मोजून पाहावी, एवढे दोन मुद्देही दिलेत तर यंदा निघालेल्या वाचकांच्या ते उपयोगी पडतील.

आपली विश्वासू,
एक बागायतदार वाचक
दिंडोरी, जि. नाशिक