उघड्यावरच्या मैफलीत बसायचे कुठे?

मा. संपादक,

वसंत सुरू झाला की वृत्तपत्रांतले कार्यक्रमांचे पान भरून जाते. गाणे, वाद्यवृंद, नाटक, एकपात्री. त्यातले बरेचसे उघड्या मैदानावर नाहीतर बागेत. मित्रमंडळींचे बेत लगेच ठरतात, पण चर्चा होते ती कोण गाणार आणि किती लवकर पोहोचलो तर पुढची जागा मिळेल एवढ्याचीच. दुसऱ्या दिवशी मग ‘साउंड बेकार होता’ हे ठरलेले वाक्य ऐकू येते. साउंड कधी कधी खरोखरच बेकार असतो. बऱ्याचदा मात्र मंडळी चुकीच्या जागी बसलेली असतात आणि योग्य जागा कोणती हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. आयोजकांनी तिकिटावर चार ओळी जास्त छापाव्यात आणि आपण त्या कार्यक्रमाच्या माहितीत घ्याव्यात, यासाठी हे पत्र.

पुढच्या रांगांचा मोह आधी सोडावा. मोठ्या कार्यक्रमात मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या श्रोत्यांकडे असतो. पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू येतात ते रंगमंचाच्या कडेवरचे छोटे स्पीकर, ड्रमचा थेट दणका आणि कलाकारांसाठी लावलेल्या मॉनिटरचा मागून सांडणारा आवाज. गायकाचे शब्द नेमके तिथेच हरवतात. चेहरे पाहायचे असतील तर जरूर पुढे बसा.

ऐकायचे असेल तर मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र जुळवायचे यंत्र, शोधा. ध्वनितंत्रज्ञ जिथे बसतो तिथे त्याला जे ऐकू येते, त्यावरच सगळा समतोल बेतलेला असतो. मिक्सरच्या आसपास, पण रंगमंचासमोरच्या मधल्या रेषेपासून चार-पाच पावले बाजूला, ही मैदानातली बहुधा सर्वांत चांगली जागा. बाजूला यासाठी की डाव्या-उजव्या सबवूफरपासून (बेससाठीचे मोठे स्पीकर) मधली रेषा सारख्याच अंतरावर असते. दोन्हीकडच्या लहरी तिथे एकदम पोहोचतात आणि बेस फुगतो. त्याच कारणाने इतर काही ठिकाणी बेस गायबही होतो. ६० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ५.७ मीटर लांब असते, त्यामुळे दोन सबवूफरपासूनच्या अंतरात २.९ मीटरचा फरक पडला की तो सूर एकमेकांना खोडतो. बेस दणदणीत किंवा अगदी पोकळ वाटला तर पाच-सहा पावले सरका. फरक लगेच कळतो.

छोट्या कार्यक्रमाचे गणित वेगळे. स्टँडवर दोनच स्पीकर असतील तर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. ५ मीटरवर जो आवाज आहे तो २० मीटरवर १२ डेसिबलने कमी. मोठ्या कार्यक्रमात एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या उभ्या माळेत ही घट एका टप्प्यापर्यंत दुपटीमागे ३ डेसिबलच्या आसपास राहते. म्हणून छोट्या बैठकीत दहा-पंधरा मीटरच्या आत बसावे. तिथे स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर हवा. तो कानांच्या उंचीवर ठेवला तर पुढच्या लोकांची अंगेच वरचे स्वर शोषून घेतात आणि मागे नुसती घुमघुम पोहोचते. स्टँड हातभर वर करायला आयोजकांना काही खर्च येत नाही, तरी ही चूक वारंवार होते. एपिडॉरसचे इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले ग्रीक नाट्यगृह विजेशिवाय चालले, त्यात तिथल्या चढत्या पायऱ्यांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक श्रोता पुढच्याच्या डोक्यावरून ऐकतो. मैदानाला उतार असेल तर सपाट भागापेक्षा उतारावर बसावे, ते याचमुळे.

मैदान खोल असेल तर मध्येच खांबांवर आणखी स्पीकर दिसतात. त्यांना डिले टॉवर म्हणतात. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचावरचा सूर १०० मीटरवर पोहोचायला जवळजवळ ०.२९ सेकंद लागतात. तारेतून टॉवरला तो जवळपास तत्क्षणी मिळतो, म्हणून त्याला मुद्दाम उशीर द्यावा लागतो, वर आणखी १०-१५ मिलिसेकंद. आधी पोहोचलेला आवाज जिथून आला तिथेच मन त्याचा उगम ठरवते (हे जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात तपासले), त्यामुळे टॉवरजवळ बसूनही गायक रंगमंचावरच गातो आहे असे वाटते. आता वसंतातली संध्याकाळ घ्या. ध्वनितपासणी दुपारी ३० अंशांत झाली आणि कार्यक्रम रंगला तेव्हा पारा १८ वर आला, तर १०० मीटरला ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो. दिलेल्या सवडीतला मोठा भाग त्यातच जातो आणि आवाज टॉवरमधून येऊ लागल्याचा भास होतो. दक्ष तंत्रज्ञ मध्यंतरात हा आकडा सुधारतो. श्रोत्याने एवढेच पाहावे की टॉवरच्या अगदी बाजूला किंवा रंगमंचाच्या दिशेने त्याच्या पाठीशी बसू नये. त्याच्या तोंडासमोर, म्हणजे रंगमंचापासून आणखी दहा-पंधरा मीटर मागे बसावे. निवेदकाच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘त’ दुहेरी ऐकू आले तर जागा चुकली.

वाऱ्याकडे तर कोणीच पाहत नाही. वारा रंगमंचाकडून आपल्याकडे येत असेल तर आवाज खाली वाकतो आणि लांबही स्पष्ट पोहोचतो. उलटा असेल तर तो वर उचलला जातो आणि मागच्यांच्या डोक्यांवरून निघून जातो. अशा वेळी पुढे सरकावे. बाजूने झुळुका येत असतील तर वरचे स्वर येत-जात राहतात. त्याला इलाज नाही, तंत्रज्ञाला बोल लावू नये. निरभ्र, शांत संध्याकाळी जमीन झपाट्याने गार होते, वरची हवा मात्र उबदार राहते, आणि दुपारी आकाशात जाणारा आवाज आता जमिनीलगत दूरवर पसरतो. शेजारच्या वस्तीला रात्री ‘आवाज वाढवला’ असे वाटते तेव्हा बटण तिथेच असू शकते. आयोजकांनी सूर्यास्तानंतर वस्तीच्या कडेला जाऊन आवाज मोजावा आणि बेस उतरवावा.

गारव्याचा त्रास वाद्यांनाही होतो, आणि दिशा उलट्या. पोलादी तारा गार झाल्या की आकसतात आणि सूर चढतो. बासरीतली हवा गार झाली की सूर उतरतो, अंशामागे सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). दोन्ही एकत्र वाजत असतील तर कलाकार मध्येच थांबून जुळवणी करणारच. तेवढ्या वेळात गप्पांचा आवाज जरा कमी ठेवला तर त्यांचे काम लवकर होते.

कानांचे मात्र थट्टेवारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक जाहीर केले. त्यात सरासरी आवाजाची कमाल मर्यादा १०० डेसिबल, आवाजाची सतत नोंद, शांत कोपरा आणि कानात घालायचे बोळे उपलब्ध ठेवणे या गोष्टी आहेत. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित हिशेबात ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटे. हातभर अंतरावरच्या मित्राशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ च्या वर आहे असे समजावे. फोनवरच्या मापकाचा आकडा अंदाजापुरताच घ्यावा. फोमचा बोळा नुसता कानाशी टेकवून उपयोग नाही. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. फोम वरचे स्वर जास्त कापतो, म्हणून गाणे गुदमरल्यासारखे वाटते. संगीतासाठीचे वेगळे बोळे सगळे स्वर जवळपास सारखेच उतरवतात. सोबत लहान मूल असेल तर त्याला कान झाकणारे मफ घालावेत.

मंडळी सहा-आठ असतील तर सगळी तिकिटे एकाच फोनवर ठेवू नका. तो एक उशिरा आला की बाकीचे दाराबाहेर. क्यूआर कोड सतत बदलणारा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. गर्दीत कॉल लागत नाहीत, साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. भेटायची जागा आत शिरतानाच ठरवावी, आणि ‘स्टेजच्या डावीकडे’ असे म्हणू नये: कलाकाराची डावी बाजू ती श्रोत्यांची उजवी. बसायला खालून पाणी न लागणारी चटई हवी, कारण रात्री दव पडते, आणि अंगावर एक थर जास्त.

हवा बिघडलीच तर वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंद किंवा कमी मोजले गेले की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. तंबू किंवा झाड चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच थांबावे. टांगलेल्या स्पीकरच्या माळा कार्यक्रम संपण्याआधीच खाली उतरवताना दिसल्या तर तंत्रज्ञांनी वाऱ्याचा धोका ओळखला आहे. घोषणेची वाट न पाहता रंगमंच आणि टॉवरपासून दूर व्हावे.

आयोजकांकडून तिकिटावर एवढेच हवे: मुख्य स्पीकर, मिक्सर आणि डिले टॉवर दाखवणारा साधा नकाशा, आवाजाची ठरवलेली मर्यादा, शांत कोपऱ्याची जागा आणि बाहेर पडायच्या दारांची एकूण रुंदी. शेवटच्या मुद्द्याला लोक हसतील. सपाट जमिनीवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे सुखरूप बाहेर पडतात. ५,००० श्रोते आणि एकूण ६ मीटर रुंदीची दारे असली तर १०-११ मिनिटे पुरतात. कार्यक्रम संपताना निम्मी दारे कुलूपबंद ठेवली तर २१. प्रवेशाला जेवढी दारे उघडतात तेवढी तरी शेवटच्या गाण्याआधीच उघडून ठेवावीत, आणि श्रोत्यांनी पहिली पंधरा मिनिटे दाराकडे धावण्याऐवजी मिक्सरजवळ गप्पा मारत थांबावे.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ