वनमंत्री साहेब, नांदूरमधमेश्वरच्या पाण्याचं आधी बघा

साहेब, नमस्कार,

मी दर हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात जातो. मागच्या थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) बघितले, गुडघाभर पाण्यात उभे आणि ती चपटी चोच अर्धी उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, नुसती कापणी चालल्यासारखी. पंधरा दिवसांनी परत गेलो तर पाणी उतरलेलं, गाळाला भेगा पडलेल्या आणि ज्या बेटावर बदकं बसायची तिथपर्यंत कुत्री चालत गेलेली. फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

गोदावरी आणि कादवाच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वी बंधारा घातला तो शेतीसाठी, पक्ष्यांसाठी नाही. दर पुरात नद्यांनी गाळ आणून टाकला, त्याची बेटं झाली, उथळ पाणी झालं आणि पक्षी आपोआप आले. 1986 ला अभयारण्य झालं, 2020 च्या जानेवारीत राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण पक्षी वनखात्याचे आणि पाणी जलसंपदाचं, हा घोळ तसाच राहिला.

शेताला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलंच पाहिजे, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. फक्त ऑक्टोबर ते मार्च किमान किती पाणी ठेवायचं ते दोन्ही खात्यांनी बसून लेखी ठरवा, आणि सोडायचं ते एकदम न सोडता हळूहळू सोडा, कारण चमचे, चित्रबलाक हे पोहून खाणारे पक्षी नाहीत, पाणी जास्त झालं तरी त्यांची उपासमार आणि आटलं तरी उपासमार.

आणि हो, गाळ काढा गाळ काढा अशी मागणी सारखी होते, साठा वाढावा म्हणून, ते कळतं. पण सरसकट पोकलेन लावले तर बेटंच जातील, मग उरेल नुसता खोल तलाव. गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे पक्षी मोजणाऱ्या पोरांना आणि मासेमारी करणाऱ्यांना विचारून ठरवा ना, त्यांना वीत न् वीत माहितीय. पाणवेली मात्र खरंच काढा, आणि वरून शहराचं सांडपाणी येतं तेही रोखा, नाहीतर पाणवेली परत तेवढ्याच वाढणार.

थंडीची आवर्तनं ठरायच्या आधी एवढी एक बैठक लावा साहेब, मुंबईत नको, तिथंच बंधाऱ्यावर.

आपला,
निफाडकडचा एक पक्षीवेडा