बाई, ती शेवटची चौकट अजून रिकामी आहे

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "पुरे रे, पेज निवते माझी" म्हणून ठेवून देता. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितो आहे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला राहतो. दिवसा काजूच्या कारखान्यात असतो, रात्री जत्रा-लग्नांत गिटार वाजवतो. माझा मामेभाऊ बोटीवर आहे. त्याने कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गिटारच्या मासिकांचा एक गठ्ठा आणला. त्यात ॲलन होल्ड्सवर्थच्या मुलाखती होत्या. जॅझ फ्यूजनमध्ये, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणात, त्याच्यासारखा गिटार वाजवणारा मी दुसरा ऐकलेला नाही. तारेवर नखीचा आघात जवळजवळ लागतच नाही, एक सूर दुसऱ्यात मिसळून जातो. वर्षानुवर्षं मी ते ऐकून बोटं झिजवली. आता तो माणूस स्वतः काय बोलतो ते हातात आलं होतं, आणि मला वाचता येत नव्हतं. दहावीला माझं इंग्रजीच राहिलं होतं.

शहरातल्या एका गिटार क्लासमध्ये ती पानं घेऊन गेलो. "आधी एबीसीडी शिकून ये," असं सगळ्या पोरांसमोर ऐकवलं. मग एकाने तीन हजार रुपये घेऊन भाषांतर करून दिलं. सगळं मशीनमधून काढलेलं. गिटारच्या 'फ्रेट'ची, म्हणजे दांडीवरच्या पट्टीची, 'चिंता' झाली होती. सॅक्सोफोनसाठी वापरलेल्या 'हॉर्न'चं 'शिंग' झालं होतं. विचारायला फोन केला तर त्याने उचलला नाही. पैशांचं मी विसरलो. पण एका माणसाच्या बोलण्याच्या अशा चिंध्या करून दिल्या, ते अजून सलतं.

आणि मग तुम्ही. मला शाळेत तुम्ही शिकवलंही नव्हतं. शेजारच्या काकीने नाव सुचवलं म्हणून आलो, तर तुम्ही एक दोनशे पानी वही काढलीत आणि म्हणालात, "मला संगीतातलं काही कळत नाही. चालेल?"

पहिली मुलाखत लिहून दिलीत तेव्हा मराठीत जागोजागी पेन्सिलीच्या रिकाम्या चौकटी होत्या. मला वाटलं, कंटाळलात. दुसऱ्या दिवशी भर पावसात तुम्ही रिक्षाने आमच्या घरी आलात. छत्री पडवीत टेकवली, आईने दिलेला चहा बाजूला ठेवला आणि वही उघडलीत. "हे शब्द मला ठाऊक नाहीत. अंदाजाने लिहायची नाही मी. तू वाजवून दाखव."

पहिली चौकट 'लेगाटो'ची होती. मी एकच ओळ दोनदा वाजवली. एकदा प्रत्येक सुराला नखी मारून, एकदा फक्त डाव्या हाताच्या बोटांनी. दुसरी तुम्ही तीनदा वाजवायला लावलीत, डोळे मिटून ऐकलीत. मग चौकटीत बारीक अक्षरात 'सलग' लिहिलंत. मी भीत भीत म्हटलं, "बाई, 'न तोडता' म्हटलं तर?" तुम्ही खोडरबर घेतलात, 'सलग' खोडलंत, कागदावरचा चुरा करंगळीच्या कडेने झाडलात आणि 'न तोडता' लिहिलंत. "हे बरोबर. वाजवणारा असंच म्हणणार."

बाई, पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईने इंग्रजीत नापास झालेल्या माणसासाठी स्वतःचा शब्द खोडला. तुम्ही गेल्यावर मी पडवीतच बसून राहिलो. आईने विचारलं, "काय झाला रे?" मला सांगताच येईना. समोरच्याला काहीतरी येत असेल असं धरून चालणारी माणसं किती थोडी असतात! शिकलेल्यांत तर आणखी थोडी. तुमच्यासारखी दोन माणसं प्रत्येक गावात असती तर कितीतरी पोरं अशी मागच्या मागे परतली नसती.

मुलाखतींतलं मला न दिसलेलंही तुम्हाला दिसलं. "हे सारखे तारा आणि अ‍ॅम्प्लिफायर विचारतात, आणि हा सारखा सॅक्सोफोनवर येतो," तुम्ही म्हणालात. खरंच, त्याला गिटार नकोच होती. सॅक्सोफोन परवडला नाही म्हणून घरच्यांनी गिटार हातात दिली. 1986 च्या सुमारास तो सिंथॅक्स हे गिटारसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवू लागला आणि त्याला फुंकायची नळी जोडायचा, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही केवढ्या आनंदाने मांडीवर थाप मारलीत. "म्हणजे शेवटी त्याने फुंकलंच की!" स्वतःच्या रेकॉर्डना तो सारखी नावं ठेवतो, याचं मात्र तुम्हाला वाईट वाटायचं.

2017 ची बातमी वाचलीत तो दिवसही आठवतो. एप्रिलमध्ये त्याच्या रेकॉर्डचा मोठा संच निघाला, 'गिटार कायमची बदलणारा माणूस' अशा अर्थाच्या नावाचा. त्याच महिन्यात, 15 तारखेला, तो सत्तराव्या वर्षी गेला, आणि अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी चाहत्यांकडे हात पसरावा लागला. चाहत्यांनी मागितल्याच्या कितीतरी पट दिलं. तुम्ही कागद खाली ठेवलात. "एवढं छापलं त्याच्यावर. जेवलास का म्हणून कोणी विचारलं असेल का रे?"

1982 मध्ये त्याने स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या रेकॉर्डचं नाव 'आय. ओ. यू.' आहे. "तुमचं देणं लागतो," हा अर्थ तुम्हीच मला सांगितलात. तेच मी आज तुम्हाला म्हणतो आहे.

वहीत आता एकच चौकट उरली आहे, 'व्हॉइसिंग'ची. कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला, कुठला सूर खाली घ्यायचा, कुठला वर, ते. तुम्ही 'मांडणी' म्हणालात, मी 'नको' म्हटलं आणि तुम्ही लगेच हात मागे घेतलात. गेल्या आठवड्यात त्याची एक कॉर्ड बसवत होतो. करंगळी पोचेना, तरी तासभर ताणून पाहिलं. एकदा ते चार सूर नीट लागले आणि कळलं. मांडणीच आहे ती, बाई. तुमचाच शब्द बरोबर होता. पेन्सिल वहीत घालून ठेवली आहे. पाऊस उघडला की या, तुमच्याच हाताने लिहा.

तुमचा,
उभादांड्याचा गिटारवाला