खतौलीच्या इंजिनाला काजळी कुठे लावायची

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. मोठा करकरून तीनदा बघितला. बॅकमन कंपनीचं ते बाल्डविन इंजिनाचं मॉडेल नवंकोरं चकचकीत आहे, आणि तुला त्यावरची लष्करी अक्षरं पुसून त्याला साखर कारखान्यातलं करायचंय. तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या बापाला याहून दुसरा आनंद कोणता?

इंजिनाचं वर्गनाव १०-१२-डी. ते नुसतं पाठ करू नकोस, त्याची फोड समजून घे. १० म्हणजे एकूण चाकं. १२ हा सिलिंडरचा सांकेतिक आकडा: निम्मा करून ३ मिळवायचे, म्हणजे ९ इंच व्यास. डी म्हणजे ओढणारी चाकं सहा. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीने १९१६-१७ मध्ये ब्रिटिश लष्करासाठी अशी ४९५ इंजिनं बांधली. फ्रान्समध्ये खंदकांच्या मागे ६० सेंटिमीटर अंतराचे रूळ टाकून दारूगोळा वाहायचा, त्यासाठी. लढाई संपल्यावर ती विकायला निघाली, त्यातली काही आपल्याकडे आली. ७७८ नंबरचं उत्तर प्रदेशात खतौलीच्या साखर कारखान्यात होतं. आज ते तुमच्या तिकडेच, इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर जपलेलं आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये. मापं आणि पाइपांच्या जागा नीट टिपून आण. खतौलीची काजळी मात्र आता त्याच्यावर मिळायची नाही, ती आपल्यालाच लावायची आहे.

तुझं मॉडेल १:७६ चं, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाचं, पण चालतं ९ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर. ६० सेंटिमीटरचा हिशेब केला तर ८ सुद्धा भरत नाहीत. हा फरक राहू दे. चाकांना हात लावशील तर चालतं इंजिन बंद पडेल.

अक्षरं काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाची काडी घे. हलक्या हाताने, एका दिशेने घासायचं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. मी एका मालडब्यावर थिनर फिरवला होता. प्लास्टिक मऊ पडलं, रिव्हेटच्या सगळ्या टिकल्या सपाट झाल्या, आणि आठवडाभराचं काम वाया गेलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

रंग देताना निव्वळ काळा वापरू नकोस. एवढ्याशा वस्तूवर तो सगळे बारकावे गिळून टाकतो. काळ्यात थोडा तपकिरी, थोडा राखाडी मिसळ. वरून मॅट वार्निशचा हात दे, म्हणजे मळ दाखवायला लावायची खडूची पूड धरून राहील.

आता मळाचं. मी पाहिलेल्या बहुतेक मॉडेलांवर मळ सगळीकडे सारखा फासलेला असतो, आणि ते बघवत नाही. ब्रश टेकवण्याआधी दर वेळी स्वतःला विचार, इथे हे कुठून आलं? काजळी वरून बसते, म्हणून ती धुराड्याचा काठ, बॉयलरची पाठ आणि कॅबच्या छपरावर. राख खाली, बॉयलरच्या पुढच्या दाराच्या बुडाशी. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि जिथे जिथे सांधा गळतो तिथे क्षाराचा पांढरा ओघळ, वर बारीक, खाली पसरलेला. बाजूच्या टाक्यांवर उलटं होतं. पाणी भरताना तोंडावरून सांडतं आणि धूळ धुऊन नेतं, म्हणून तिथे स्वच्छ उभे पट्टे दिसतात आणि त्यांच्या कडेने गंजाची बारीक रेघ.

आमच्या बॉयलर हाउसमधलं स्टीम व्हॉल्व्हचं मोठं चक्र आठवतं? लहानपणी तू त्याला लाल सूर्य म्हणायचीस. लाल रंग फक्त आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत उरला होता. बाहेरचं कडं हात लागून लागून चांदीसारखं झालं होतं. तसंच कॅबची पायरी आणि कॅबच्या दाराशेजारचा दांडा कर. रंग नको, सहा-बी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासायचं.

बंकरमध्ये, म्हणजे मागच्या कोळशाच्या पेटीत, कोळसा खराच वापर. हातोडीने फोडून चहाच्या गाळणीने चाळ, रवाळ तेवढा ठेव. पांढऱ्या गोंदात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून वरून सोड. साबणामुळे गोंद खालपर्यंत झिरपतो. हे करताना बॉडी चासीवरून काढलेली हवी. पूड गिअरमध्ये गेली तर मोटर कुरकुरायला लागते.

घाई करू नकोस. एका संध्याकाळी एकच बाजू. पुढचा फोटो मागून काढ, बंकर आणि कपलिंग दिसेल असा. डबे जोडणारं कपलिंग सतत एकमेकांवर घासतं, तिथे धातू उघडा पडलेला असायला हवा. तो तू दाखवला आहेस का, ते मला बघायचंय.

आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा