जड मोटारसायकल आधी मैदानात, मग मांडूला

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

पावसाची झड लागली की शनिवार-रविवारी इंदूरहून मांडू, जानापाव, पाताळपाणी आणि महेश्वरकडे मोटारसायकलींची रीघ लागते. त्यात साडेतीनशे ते साडेसहाशे सीसीच्या गाड्या आता बऱ्याच असतात. या गाड्यांविषयी ओरड होते ती वेगाची आणि सायलेन्सरच्या आवाजाची, आणि ती रास्तच आहे. पण त्यांच्या वजनाबद्दल कुणी बोलत नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० इंधनासह १९५ किलोची आहे, सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलोची. रोजच्या वापरातली शंभर सीसीची गाडी साधारण ११० किलोची असते. परवाना मात्र दोन्हींना एकच, ‘गिअरची मोटारसायकल’. शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून परवाना मिळवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोची गाडी शोरूममधून कायदेशीरपणे बाहेर काढू शकतो. युरोपात यासाठी पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी, त्यानंतर मोठी. जपानमध्ये ४०० सीसीच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे ही पायरी नसल्यामुळे ती चालवणाऱ्याने स्वतःच चढायची आहे. ती कशी, यासाठी हे पत्र.

जड गाडी पहिल्यांदा पडते ती बहुतेक वेळा हायवेवर नव्हे, तर पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये किंवा राजवाड्याजवळच्या गर्दीत यू-टर्न घेताना. ताशी वीस-पंचवीसच्या वर चाके फिरू लागली आणि गाडीची भूमिती कामाला लागली, की गाडी स्वतःला बरीचशी सावरते. त्याखाली सगळा तोल चालवणाऱ्याकडे. उभी गाडी थोडी कलली तर हात पेलतात, पण एका मर्यादेपुढे दोनशे किलो कुणाच्याही हाताला दाद देत नाहीत. पडण्याची कारणे ठरलेली असतात. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की पुढचे टोक आतल्या बाजूला खचते आणि गाडी तिकडेच जाते. वळणात क्लच पूर्ण दाबला की मागच्या चाकाचा जोर तुटतो आणि गाडी आत कोसळू पाहते. तिसरे कारण नजर. जमिनीकडे पाहत वळणारा जमिनीवरच पोचतो.

म्हणून संथ चालीला हत्यारे तीन: हाफ क्लच, मागचा ब्रेक आणि वळलेली मान. इंजिन थोडे चढे ठेवून क्लच जिथे पकडू लागतो तिथेच धरायचा आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. इंजिन ओढत असते, ब्रेक रोखत असतो, या ओढाताणीत गाडी ताठ राहते. पुढच्या ब्रेकवर बोटेही ठेवायची नाहीत. सरावासाठी अर्धवट पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पुरतात. आधी वीस मीटरची सरळ रेषा पंधरा सेकंदांत, पाय न टेकता पार करावी; म्हणजे ताशी पाचच्या आत. मग सहा मीटर त्रिज्येचे गोल, दोन्ही बाजूंनी. बहुतेकांना उजवीकडचा गोल जड जातो, कारण तेव्हा ॲक्सिलरेटरची मूठ अंगाशी येते, मनगट दुमडते आणि नकळत गॅस बदलतो. गोल हळूहळू चार मीटरवर आणावा, नंतर आठचा आकडा. संथ वळणात शरीर गाडीच्या उलट, बाहेरच्या बाजूला ठेवायचे आणि मान वळवून जिथे निघायचे तिथे पाहायचे. क्लच तापल्याचा वास आला तर पाच मिनिटे थांबावे.

वेगातले वळण याच्या अगदी उलट वागते, आणि छोट्या गाडीवर वाढलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. डावीकडे वळायचे असेल तर डावी मूठ पुढे ढकलायची. चाक क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. सायकलवरही हेच घडते, फक्त हलक्या गाडीत ते जाणवत नाही. जड गाडी नुसते अंग झुकवून वळत नाही. वळण अंगावर येते, घाबरून हात आखडतात आणि गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये शिरते. त्यासाठी रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात डावी-उजवी मूठ हलकेच ढकलून पाहावी. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर रात्री शर्यत लावण्यापेक्षा पहाटे हा सराव केलेला बरा.

ब्रेकचा सरावही असाच वेगळा करावा. दुचाकी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे सरकते. पण ते सरकायला क्षण द्यावा लागतो, म्हणून मूठ लिंबू पिळल्यासारखी आवळत न्यायची, झटका द्यायचा नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वरून चांगला ब्रेक सुमारे २० मीटरमध्ये गाडी थांबवतो. धोका ओळखून बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १७ मीटर. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचे अंतर चौपट होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढेच. ओल्या रस्त्यावर थांबायला कोरड्यापेक्षा जास्त अंतर लागतेच. एबीएस सुरू झाल्याची धडधड लीव्हरमध्ये आधी कधी जाणवली नसेल, तर ऐन वेळी माणूस दचकून ब्रेक सोडतो. ती मैदानातच ओळखीची करून घ्यावी.

आता सामान. ‘गाडी ऐंशीला डुलते, कंपनीत दोष आहे’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. दोष असूही शकतो, पण आधी मागची पेटी उघडून पाहा. कॅरिअरवरची पेटी मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंच असते. तिथे दहा किलो ठेवले की तरफेसारखे पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरू लागते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, पाणी, कुलूप-साखळी, टाकीवरच्या पिशवीत किंवा बाजूच्या पिशव्यांत तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवाव्यात. मागच्या पेटीत रेनकोट, चादर, फराळ. बाजूच्या दोन्ही पिशव्या काट्यावर तोलून घ्याव्यात. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी बाहेर सरकलेली असते, म्हणून ती थोडी हलकी चालेल. हुकाच्या रबरी दोऱ्यांपेक्षा बकलचे पट्टे चांगले, आणि पट्ट्याचे लोंबते टोक गाठ मारून बंद करावे. ते चाकात गेले तर मागचे चाक जागीच थांबते. जाता जाता, पिशव्या बसवण्यासाठी साडी गार्ड काढून टाकायची नवी फॅशन आली आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे सक्तीचे आहे, आणि साडी नेसलेली किंवा ओढणी घेतलेली बाई मागे बसणार असेल तर नियमाची आठवण करून द्यायची गरज पडू नये.

सामान आणि मागचा माणूस बसला की मागचे शॉकअप दबते, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे, आडवा होतो, गाडी वळणात बाहेर जाऊ लागते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. यावर उपाय टूलकिटमध्येच असतो: सी आकाराचा पाना. शॉकअपवरची खाचांची चकती दोन-तीन घरे वर चढवावी, दोन्ही बाजूंना सारखी. परत एकटे निघताना तेवढीच उतरवावी, नाहीतर मागचे चाक खड्ड्यांवर उसळत राहते. हवाही तशीच. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) कंपनीची चिकटपट्टी असते, तिच्यात एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो. क्लासिकसारख्या गाडीत मागे एकट्याला ३२ आणि दोघांना ३६ पीएसआय असा फरक पडतो. टायर थंड असताना मोजावी, कारण तापल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतात, ते काढून टाकू नयेत. पंपांवरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत. स्वतःचा छोटा मीटर जवळ असावा.

एवढे करूनही डुलत असेल तर गाडी मिस्त्रीकडे न्यायच्या आधी घरीच पाहता येते. मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचलले जाईल असे करावे, फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत. ‘टक’ असा झोल लागला तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे; मध्यावर अडखळ जाणवली तर बॉल बसण्याच्या जागी खाचा पडल्या आहेत आणि घट्ट करून भागणार नाही, सेट बदलावा लागेल. नुसता आवळून देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. मग हँडल जड होते आणि गाडी सरळ रेषेतही नागमोडी चालते. यानंतर मागचे चाक आडवे हलवून स्विंगआर्मच्या बुशचा झोल पाहावा, चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच अंकावर आहेत का ते पाहावे, तारांच्या चाकात पान्याने एकेक तार वाजवावी. सैल तार बद्द वाजते. टायर मधोमध झिजून चपटा झाला असेल तर वळणात गाडी आधी कलायला नकार देते आणि मग एकदम पडते. हायवेवर सरळ धावणाऱ्या गाड्यांचे टायर असे चपटे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचे रबर पावसात भरवशाचे नसते.

चालत्या गाडीचे हँडल थरथरू लागले तर ते आवळून धरू नये आणि जोरात ब्रेकही मारू नये. दोन्हींनी थरथर वाढते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, कोपर सैल सोडावेत, अंग पुढे झुकवून पुढच्या चाकावर भार द्यावा आणि गॅस हळूहळू कमी करावा. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. त्या बाजूला पेट्या लावलेली गाडी आडव्या वाऱ्याने लेनमध्ये सरकते. ट्रक ओलांडताना आधी ट्रक वारा अडवतो आणि त्याच्या तोंडापुढे येताच वारा पुन्हा धडकतो. दोन्ही वेळा हात सैल आणि बाजूला मोकळी जागा हवी.

महेश्वरकडे उतरताना गणपती घाटात तापलेल्या ब्रेकच्या ट्रकांनी काय केले आहे हे या शहराला सांगायला नको. मोटारसायकललाही तेच लागू. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेक सतत घासत ठेवला की ब्रेक ऑइल तापते. डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतले पाणी शोषते आणि ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळले की लीव्हर मुठीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलणे स्वस्तातले काम आहे. चढाच्या तीव्र वळणात उलटी भीती: गिअर वळणाआधीच उतरवला नाही तर ऐन वळणात इंजिन बंद पडते आणि टेकायला टाकलेल्या पायाखाली, उताराच्या बाजूला, अपेक्षेपेक्षा वीतभर खाली जमीन असते. जानापावच्या चढावर हे ध्यानात ठेवावे.

माळव्याची काळी माती पावसात साइड स्टँड गिळते. मूठभर आकाराची लोखंडी किंवा लाकडी चकती खिशात ठेवून स्टँडखाली घालावी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो. तिथे ब्रेक नाही, गॅस नाही, गाडी सरळ.

आणि गाडी पडलीच तर? आधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करणारे बटण), मग चावी बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा आणि हाताला आले तर गिअरमध्ये टाकावी. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवावे. सीटकडे पाठ करून, कंबर सीटला टेकवून खाली बसावे, एका हाताने खालची मूठ, दुसऱ्याने फ्रेम किंवा कॅरिअर धरावे, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावले टाकत मागे सरकावे. कमरेतून वाकून उचलणाऱ्याची पाठ जाते. इंधन सांडले असेल तर काही मिनिटे चालू करू नये.

हे सगळे कुठे शिकायचे, हा खरा प्रश्न आहे. पीथमपूरला २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, देशभरातल्या कंपन्या तिथे गाड्या पारखतात. सामान्य चालकाला तेवढ्या वेगाची गरज नाही. त्याला साठ मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, खडी नसलेली सपाट डांबरी किंवा काँक्रीटची जागा हवी. वरचे सगळे संथ सराव आणि ताशी चाळीसवरून ब्रेकचा सराव तेवढ्यात होतो. महापालिकेने किंवा परिवहन विभागाने रविवारी सकाळी सहा ते आठ अशी एक जागा ठरवून द्यावी, चुन्याच्या रेषा मारून घ्याव्यात, आणि आयएसआय हेल्मेट, बूट आणि हातमोजे असल्याशिवाय कुणाला आत सोडू नये. शोरूमवाल्यांनीही डिलिव्हरीच्या दिवशी हारतुरे आणि फोटो यांच्या जोडीला गिऱ्हाइकाला अर्धा तास तिथे आणून हाफ क्लचवर चालवायला लावावे. ही जागा पुढच्या पावसाळ्याआधी मिळाली तर उपयोग होईल.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
सुदामानगर, इंदूर