जुन्या तुळया चुलीत घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सावंतवाडी-कुडाळ परिसरात जुनी कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. घर कसे बांधावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु पाडलेल्या घरांतील फणसाच्या नि सागाच्या तुळया, दारांच्या चौकटी कवडीमोलाने जातात, पुष्कळदा तर चुलीत जातात, हे पाहून फार वाईट वाटते. मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार आणि बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, घडवतो, आणि या लाकडाचे मोल मला त्याच कामात कळले.

इलेक्ट्रिक गिटारला सतारीसारखा भोपळा लागत नाही. तारेचे कंपन तिच्याखालचे पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे दिलेली गुंडाळी, टिपते. त्यामुळे लाकडाने सर्वांत आधी आपला आकार राखावा लागतो. बेसच्या चार तारांचा एकत्रित ओढा 70 किलोंच्या पुढे जातो आणि तो मानेला, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीला, रात्रंदिवस सोसावा लागतो. मानेवर सुरांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे फ्रेटचे, गणितही काटेकोर असते: बेसच्या तारेच्या 864 मिलिमीटर लांबीला 17.817 ने भागले की पहिला फ्रेट सुमारे 48.5 मिलिमीटरवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत गेले की बारावा 432 वर, बरोबर मध्यावर पडतो. मान फिरली की ही सारी मेहनत वाया जाते आणि तारा फ्रेटवर खडखडू लागतात. मानेच्या आत बसवलेल्या पोलादी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, मानेचा बाक काढता येतो, पीळ काढता येत नाही.

वखारीतून आणलेली अर्धवट सुकलेली फळी आपल्या पावसाळ्यात सहज पीळ घेते. जुनी तुळई मात्र कित्येक पावसाळे नि उन्हाळे सोसून स्थिरावलेली असते. तिला रंधा लावण्यापूर्वी चुंबक फिरवून खिळे शोधावे लागतात, वाळवीने पोखरलेली टोके कापावी लागतात. मग चुलीच्या धुराने काळवंडलेला थर निघाला की आतून फणसाचा पिवळसर तांबूस गाभा दिसतो. दक्षिणेत वीणा आणि मृदंग याच लाकडाचे होतात, तेव्हा फणस वाद्याला चालेल का, ही शंका कुणी घेऊ नये. इंग्लंडमध्ये गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसह 1963 मध्ये घडवायला घेतलेल्या गिटारची मान जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून काढलेली आहे, आणि तीच गिटार त्यांनी पुढे क्वीन या बँडबरोबर जगभर वाजवली.

घरमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पाडकामात निघालेले सरळ, बिनगाठीचे, किमान तीन फुटांचे तुकडे तरी वेगळे काढून कोरड्या जागी रचून ठेवावेत आणि गावातल्या सुताराला किंवा वाद्य घडवणाऱ्या मुलांना आधी दाखवावेत. लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या या भागात कसबी हातांची वाण नाही. अडते ते यंत्रांपाशी, कारण जाड तुळई चिरण्याचे आणि सपाट करण्याचे यंत्र घरी ठेवणे कुणालाही परवडत नाही. कोकणातील शासकीय आयटीआयनी आपल्या सुतारशाळा सुट्टीच्या दिवशी, निदेशकाच्या देखरेखीखाली आणि वाजवी शुल्क घेऊन, हौशी कारागिरांना खुल्या कराव्यात.

आपला,
एक हौशी वाद्यकारागीर,
सावंतवाडी