'टोळी' या एका शब्दाबद्दल गृहमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातली एक गृहिणी आहे, गावात छोटं किराणा दुकान चालवते, पत्र बित्र लिहायची सवय नाही त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. पण हे लिहायचं खूप वर्षांपासून मनात होतं.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. एसटीतून काही माणसं उतरली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हेच त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट. त्यातल्या एकाला एका लहान मुलीशी बोलताना लोकांनी पाहिलं असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. पोरं चोरणारी टोळी फिरतेय ही अफवा तेव्हा सगळीकडे होतीच, तेवढ्यावरून गर्दी जमली, पाच जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ते जीव जाईपर्यंत मारले गेले. पाच माणसं साहेब. त्याच रात्री मालेगावात पण एका कुटुंबाला गर्दीने घेरलं होतं, त्यांच्यासोबत लहान लेकरू होतं, तिथे पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले.

आता मी माझं सांगते. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. जून महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला, बाईकवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मग एक फोटो आला, ओळीने झोपवलेली मेलेली लेकरं, खाली लिहिलेलं की किडन्या काढून फेकून दिली. मी तो फोटो बघून लेकीला दोन दिवस अंगणात सोडलं नाही, आणि दोन्ही गोष्टी पुढे पाठवल्या, माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, सगळीकडे. पुढे सगळं होऊन गेल्यावर कळलं की तो व्हिडिओ कराचीचा, तिथल्या एका संस्थेने पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून मुद्दाम बनवलेला, त्यात शेवटी ती माणसं पोराला परत आणून सोडतात आणि हातात पाटी धरतात, तो शेवट कुणीतरी कापला होता. आणि ती लेकरं सिरियाची, 2013 साली तिथे विषारी वायूचा हल्ला झाला त्यातली. कुठलं सिरिया आणि कुठलं साक्री. मी ते पाठवलं होतं, हे मी कुणापासून लपवत नाही, तुमच्यापासून तर नाहीच.

पण खरं सांगू का, व्हिडिओने मी घाबरले, तरी पूर्ण विश्वास बसला तो एका व्हॉइस नोटने. एक बाईचा आवाज, आमच्याच अहिराणीत, "आपला गावमा पोरं चोरनारी टोळी उनी शे, ध्यान ठेवा." वीस सेकंदाचं पण नसेल. आवाज अगदी शेजारणीसारखा, मागे कुकरची शिट्टी वाजलेली ऐकू येत होती. शिकलेला माणूस टीव्हीवर बोलतो त्यावर शंका घेता येते, पण आपल्या बोलीत बोलणाऱ्या, घाबरलेल्या बाईवर कोण शंका घेणार? आणि त्यातला 'टोळी' हा शब्द बघा. चोर म्हटलं की एक माणूस डोळ्यापुढे येतो, त्याला नाव असतं, गाव असतं, पकडा आणि पोलिसात द्या असं सुचतं. टोळी म्हटलं की चेहरे जातात. मग जो कोणी अनोळखी, मळकट कपड्यातला, पिशवी घेतलेला, चौघापाच जणांत फिरणारा दिसेल तो टोळीचाच. भटक्या समाजातली माणसं तर फिरतातच मिळून, कारण एकट्याने फिरणं त्यांना परवडत नाही. म्हणजे शब्दच असा निवडला गेला की त्यात बरोब्बर तेच सापडावेत.

आमच्या गावात पण ती वेळ आली होती, राईनपाड्याच्या आठवडाभर आधी. चादरी विकणारा एक फेरीवाला पारावर बसला होता, पोरांनी त्याची पिशवी ओढली, आधार कार्ड मागितलं, त्याची हिंदी वेगळी वाटली म्हणून एकाने कानाखाली दिली. बघता बघता पन्नास साठ माणसं गोळा झाली. मी दुकानाच्या फळीवरून बघत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक आजी काठी टेकत मध्ये घुसल्या आणि ओरडल्या, "हाऊ दरसाल येस, याले मी वळखस, मना घरनी चादर यानीच शे!" बस. एवढंच. पोरं एकदम ढिली पडली, कुणीतरी त्याला पाणी दिलं. मी ते डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, गर्दीला पेटवलं ते पण बोलण्याने आणि विझवलं ते पण बोलण्यानेच. फरक एवढाच होता की आजी तिथे हजर होत्या, राईनपाड्यात त्या पाचांना ओळखणारं कुणी नव्हतं.

त्या आधीच्या आठवड्यात सरकारचा आवाज कुठे होता साहेब? मला तरी आला नाही. दुकानात दिवसाला शंभर माणसं येतात, सगळ्यांच्या तोंडी टोळी, आणि "ही अफवा आहे" असं गावात येऊन सांगणारी एक गाडी नाही. घटना झाल्यावर व्हॉट्सॲपने पेपरात पानभर जाहिराती दिल्या, फॉरवर्ड पाच जणांपुरतं केलं, मेसेजवर 'फॉरवर्डेड' लिहून यायला लागलं. चांगलं केलं. पण आमच्याकडे पेपर येतो एक, तो पण ग्रामपंचायतीत.

17 जुलै 2018 ला सुप्रीम कोर्टाने झुंडबळीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी हवा, झुंडबळी रोखायची जबाबदारी त्याची, असले मेसेज आणि भाषणं पसरवणाऱ्यांवर गुन्हा दाखल करायचा, रेडिओ टीव्हीवरून लोकांना बजावायचं. मी आमच्याकडे दोघातिघांना विचारलं आपल्या जिल्ह्याचा नोडल अधिकारी कोण, कुणालाच सांगता आलं नाही. मग 1 जुलै 2024 ला गुन्ह्यांचा नवा कायदा, म्हणजे भारतीय न्याय संहिता लागू झाली, तारीख बघा, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं. तिच्या कलम 103(2) मध्ये झुंडीने केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे, पण कारणं दिलीत ती जात, समाज, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा वगैरे आणि 'तशाच' इतर कारणांची. पोरं चोरणाऱ्याच्या अफवेवरून मारलं तर ते 'तशाच'मध्ये बसवायला वकील लोक भांडत बसणार. खून तो खूनच, शिक्षा होईल, पण अफवा हा शब्द तिथे असायला हवा होता असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल मोबाईलमुळे हे झालं. तर 21 सप्टेंबर 1995 आठवा, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा कुणाकडे व्हॉट्सॲप होतं? लँडलाइनवरून एका दिवसात पसरलं. तेव्हा दूध वाया गेलं, माणसं मेली नाहीत, कारण त्या अफवेत शत्रू नव्हता. अफवेत शत्रू घातला की ती जीव घेते. आणि इथे मला तुमच्याबद्दल, म्हणजे सगळ्याच पक्षांच्या नेत्यांबद्दल बोलायचंय. तुमच्या सभेत माइकवरून जेव्हा एखाद्या आख्ख्या समाजाला एकच नाव ठेवलं जातं, आणि खालून शिट्ट्या पडतात, तेव्हा आमची पोरं तो शब्द उचलून गावात आणतात. तुम्ही गाडीत बसून पुढच्या सभेला जाता, शब्द इथेच राहतो.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. अफवा ज्या बोलीत येते त्याच बोलीत, आवाजातच, त्याच दिवशी पोलिसांचं उत्तर यायला पाहिजे. अहिराणीत, पावरीत, कोकणीत, जिथे जे बोलतात त्यात. ठाण्यातल्या स्थानिक शिपायाच्या, आशाताईच्या, पोलीस पाटलाच्या आवाजात वीस सेकंदाची व्हॉइस नोट. परिपत्रक नको, ते आमच्याकडे कुणी वाचत नाही. आठवडे बाजारात भोंग्याची गाडी फिरवा, पूर्वी दवंडी पिटायचे तसं. डवरी गोसावी, बहुरूपी, मसणजोगी, जे कोणी आपल्या भागात येणार असतील त्यांच्यासाठी गावाला आधी सांगा की हे आपलेच लोक आहेत, दरसाल येतात. त्यांनाच ठाण्यात हजेरी लावायला सांगू नका, गुन्हा त्यांचा नव्हता. आणि मंचावरून कुणी, तुमच्या पक्षाचा का असेना, आख्ख्या समाजाला टोळी ठरवलं तर कोर्टाने सांगितल्याप्रमाणे गुन्हा दाखल करा, तक्रारीची वाट बघू नका.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी असतो, सकाळी दहापर्यंत भरतो. गाडी पाठवली तर बोलायला अहिराणी येणारं माणूस मी देते. नाहीतर मी स्वतः बोलते.

आपली,
धुळे जिल्ह्यातली एक दुकानदार

(त्या आजी आता नाहीत. चादरवाला मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्यांच्या दारात चादर ठेवून गेला, पैसे घेतले नाहीत.)